ऐंशी टक्के झालंय म्हणे!

"अगं, कळलं का तुला? मसालेवाल्यांच्या वेबसाइटचा मुहूर्त परत हुकला!"

काकूंनी कढीपत्त्याची फांदी बाजूला सारली आणि दोन्ही कोपरं कंपाउंडच्या भिंतीवर टेकवली. एकदा कोपरं टेकली की चहा गार होईस्तोवर बातमी संपत नाही, हे सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. काकू सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यात. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच वेबसाइट्स तपासायचं काम करते. त्यामुळे बातमीत दोघींनाही रस. त्यांना पैशात, मला वेबसाइटमध्ये.

"आता कुठला मुहूर्त?" मी विचारलं.

"आधी पाडवा होता. मग दिवाळी. फराळाच्या ऑर्डरी म्हणे अमेरिकेतून थेट वेबसाइटवर पडणार होत्या. कशाच्या पडतायत! मसालेवाल्या मावशी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच चकल्यांचे फोटो पाठवत बसल्या होत्या. परवा भाजीत भेटल्या. म्हटलं, काय हो, कुठवर आलं? तर म्हणाल्या, ऐंशी टक्के झालंय."

"दिवाळीतही ऐंशीच होतं ना?"

"अगं, पाडव्यालाही ऐंशीच होतं!"

मला हसू आवरेना. म्हटलं, "काकू, आमच्या धंद्यात यावर एक जुना विनोद आहे. बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल नावाच्या माणसाच्या नावावर सांगतात. पहिल्या ९० टक्के कामाला ठरलेल्या वेळातला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्के कामाला आणखी ९० टक्के."

"म्हणजे एकशेऐंशी," काकू ताडकन म्हणाल्या. हिशेबात त्यांना कोणी गाठू शकत नाही. "आणि पैसेही त्याच मापानं चाललेत. ठरले होते तीन लाख. गेले साडेचार. आता वेबसाइट बनवणारा तो पुण्याचा मुलगा म्हणतो, अजून दीड द्या, दोन महिन्यांत लाइव्ह करतो. आणि मावशी द्यायला निघाल्यात! मला म्हणाल्या, आता नाही दिले तर साडेचार पाण्यात जातील ना हो."

"ते गेलेच की!"

"हेच मी म्हणणार होते. पण मंडईत कसं म्हणणार? हातात दुधी होता."

आतून काकांचा आवाज आला. काका पेपर वाचतात असं आम्ही फक्त समजतो. त्यांचे कान भिंतीवरच असतात. "काहीतरीच काय बोलता? साडेचार लाख घातलेत त्यांनी. एवढं घातल्यावर माणूस मध्येच सोडतो का?"

काकूंनी मानही वळवली नाही. "यांचं ऐकू नकोस. यांनीच जतच्या शेतात बोअर मारला होता. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा. गाडीवाला म्हणाला, थांबू का? तर हे म्हणाले, एवढं खाली आलोय, अजून शंभर मार. मग अजून शंभर. फुटावर पैसे मोजायचे, लक्षात घे."

"आणि पाणी?"

"आलं ना. टँकरनं."

काकांनी पेपर जोरात उलटला. मी मात्र तो बोअर सोडला नाही. म्हटलं, "काकू, सगळं त्यातच आलं बघा. वर किती फूट मारले, याचा खालच्या खडकाशी काही संबंध आहे? पुढच्या शंभर फुटांत पाणी लागेल का आणि त्या शंभर फुटांचा खर्च परवडेल का, एवढंच विचारायचं. मावशींच्या दीड लाखाचंही तसंच. ते दिले तरी गेलेले साडेचार परत येत नाहीत आणि नाही दिले तरी परत येत नाहीत. दोन्ही बाजूंना सारखीच असलेली रक्कम हिशेबात धरायचीच कशाला?"

"पण जीव तुटतो गं. पैसे मोजले की वसूल करावेसे वाटतातच."

"वाटतातच. यावर प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात नाटकांच्या हंगामाची तिकिटं विकली. काहींना पूर्ण १५ डॉलरला, तर काहींना खिडकीवरच अचानक २ किंवा ७ डॉलर सूट दिली. कोणाला सूट मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी ज्यांनी पूर्ण पैसे मोजले ते हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त प्रयोगांना हजर राहिले. आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी १९८५ साली हे छापलं."

"त्यासाठी ओहायो कशाला?" काकू फणकारल्या. "विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथं सांगलीत केलं. तेव्हापासून आम्ही पडेल नाटकालासुद्धा पडदा पडेपर्यंत बसतो! तिकीट काढलंय ना! पण नाटकात फार तर तीन तास जातात. मावशींचं दुसरं वर्ष चाललंय."

"त्या वेबसाइटवर आहे तरी काय काय?"

हा प्रश्न विचारायला नको होता. काकूंनी बोटं मोजायला घेतली. "लॉगिन आहे. पॉइंट मिळतात म्हणे खरेदीवर. एक बाहुली आहे, ती 'नमस्कार, मी तुम्हाला काय मदत करू' असं विचारते. घरातल्या सगळ्यांचे फोटो आहेत. आजोबांचा तर हलतो. मी मोबाइलवर उघडून अर्धा किलो कांदा-लसूण मसाला मागवायला गेले, तर पैसे भरायचं बटणच दाबलं जाईना. विचारलं तर म्हणाले, तेवढंच राहिलंय."

"तेवढंच! काकू, दुकानाच्या वेबसाइटवर पैसे भरणं, कुरिअरचा दर लागणं आणि ऑर्डर दुकानात पोचणं हेच तर काम असतं. बाकीची सजावट. अवघड ते शेवटाला ठेवलं की टक्केवारी अशीच फुगते. डेमो बघताना छान वाटतं, म्हणून पुढचा हप्ता सुटतो."

"पण हे सगळं नव्यानं कशाला बनवायचं? माझ्या भाचीनं साड्यांचं दुकान असंच काढलं, महिन्याला भाडं भरते, तयार सगळं मिळालं."

"तयार मिळतं. पण मावशींच्या धाकट्या मुलाला सगळं स्वतःचं हवं होतं ना?"

"हो, वडिलांशी भांडून घेतलंय त्यानं हे काम. आणि दिलंय कोणाला, तर थोरल्या जावयाच्या मावसभावाला. म्हणजे आता बंद करायचं तर धाकट्याचं नाक कापलं जाणार आणि जावयाकडं तोंड दाखवायची चोरी. त्यात टेंपोवर वेबसाइटचा पत्ता रंगवून घेतलाय, मोठ्ठा, लाल अक्षरांत."

म्हणजे पैसा हे नुसतं निमित्त होतं. अडलं होतं ते नाकाशी. मी म्हटलं, "तुमच्या खात्यात असं व्हायचं का हो? ज्यानं कर्ज मंजूर केलं, तोच ते बुडालंय असं म्हणायला तयार नाही?"

काकूंचा चेहराच उजळला. "व्हायचं का? रोजचं होतं! हप्ता थकला की थकलाय म्हणायचं नाही. आणखी थोडं कर्ज द्यायचं, त्यातूनच जुना हप्ता भरून घ्यायचा, कागदावर खातं गुळगुळीत. मग साहेबांची बदली व्हायची. नवे साहेब आले की महिन्याभरात सगळी मढी वर. नव्या साहेबांना काय, त्यांची सही नसायची ना त्यावर."

"अगदी हेच एका अभ्यासात निघालंय. बॅरी स्टॉ नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी, त्यांनी कॅलिफोर्नियातल्या १३२ बँकांची नऊ वर्षांची आकडेवारी तपासली. वरचे अधिकारी बदलले की बुडीत कर्जांची कबुली आणि त्यांची तरतूद वाढते, असं दिसलं. १९९७ साली छापून आलं."

"आम्हाला विचारलं असतं तर नऊ वर्षं वाचली असती."

"म्हणून म्हणते, त्या वेबसाइटचं पुढं काय करायचं हे धाकट्यानं ठरवू नये आणि त्या मावसभावानं तर नाहीच. ज्याची सही नाही त्याला बसवावं. तुम्हीच बसा."

"मी?" काकू म्हणाल्या, पण पदर खोचला.

काकांना राहवलं नाही. ते दारात आले. "तुम्ही बायका लहान धंद्याचं बोलताय. मोठ्या कंपन्यांकडं तज्ज्ञ असतात, हिशेबनीस असतात. तिथं असलं काही होत नाही."

"काका, बीबीसीपेक्षा मोठं कोण हवं?" मी म्हटलं. "त्यांनी २००८ साली एक डिजिटल प्रकल्प सुरू केला. टेपा बंद, सगळं चित्रीकरण संगणकावर, टेबलाशी बसून शोधा आणि कापा. पाच वर्षं चाललं. २०१३ च्या मे महिन्यात गुंडाळलं, तोवर सुमारे १० कोटी पौंड गेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माजी पंतप्रधान थॅचरबाई वारल्या, तेव्हा जुन्या चित्रफिती गोदामातून टॅक्सीनं आणि भुयारी रेल्वेनं आणाव्या लागल्या."

"रेल्वेनं? लंडनमध्ये?" काकूंना एवढा आनंद झाला की त्यांनी कढीपत्त्याची चार पानं उगाचच खुडली. काका "हं" म्हणाले आणि दारातच थांबले.

"बरं, वेळेवर थांबलेला कोणी आहे का, की सगळे बुडणारेच सांगणार आहेस?" काकूंनी विचारलं.

"आहे ना. स्टुअर्ट बटरफिल्ड. कॅनडाचा. त्याच्या कंपनीनं 'ग्लिच' नावाचा खेळ बनवला होता, वेबसाइटवरच खेळायचा. गुंतवणूकदारांचे दीड कोटीहून जास्त डॉलर त्यात होते. २०११ च्या सप्टेंबरात सगळ्यांसाठी उघडला. खेळणाऱ्यांचा जीव होता त्याच्यावर, पण ते मूठभर. खेळ फ्लॅश नावाच्या तंत्रात बांधलेला आणि फोनवर फ्लॅश चालेना. बटरफिल्डनं २०१२ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की बंद करतोय आणि डिसेंबरात केलासुद्धा. खात्यात पैसे शिल्लक असताना, हं."

"पैसे असताना? मग लोक काय म्हणाले?"

"खेळणारे हळहळले. त्यानं कामावरच्या लोकांना दुसरीकडं नोकऱ्या मिळाव्यात म्हणून खटपट केली, खेळातली चित्रं पुढं सगळ्यांना फुकट वापरायला देऊन टाकली. आणि उरलेल्या पैशांत काय केलं? खेळ बनवताना आपापसात बोलायला त्यांनी स्वतःपुरतं एक साधन केलं होतं, तेवढं उचललं आणि नीट बांधलं. त्याचं नाव स्लॅक. मी दिवसभर ज्यावर टकटक करत असते ना, तेच. २०१४ साली बाजारात आलं. २०२१ साली सेल्सफोर्स कंपनीनं ते २७.७ अब्ज डॉलरला घेतलं."

काकूंनी मनातल्या मनात शून्यं मोजली. "म्हणजे धंदा बंद केला की लॉटरी लागते?"

"नाही हो. लॉटरी त्याला लागली, सगळ्यांना लागत नाही. पण उरलेले पैसेही खेळातच घातले असते, तर तिकीट काढायलाही काही उरलं नसतं. फ्लॅश तर २०२० च्या अखेरीला कायमचं बंदच झालं. थांबल्यामुळं त्याचे गेलेले पैसे परत आले नाहीत, न गेलेले वाचले. मावशींकडंही अजून न गेलेले दीड लाख आहेत. विषय तेवढ्यांचाच."

"ठरलं तर मग. सांगते मावशींना, फेका ती वेबसाइट."

"थांबा, थांबा! तेही घाईचं. चिडून फेकणं म्हणजे दुसरा खड्डा. नेटस्केप आठवतं का काका? आधी सगळे त्यावरच इंटरनेट बघायचे."

"आठवतं. कंप्युटरच्या क्लासात होतं," काका म्हणाले. इतक्या वेळानं त्यांना आपल्या बाजूचं काही सापडलं होतं.

"त्यांचं ४.० १९९७ साली आलं. मग १९९८ साली त्यांनी ठरवलं की जुना कोड पुढं ओढण्यात अर्थ नाही, पायापासून नवं लिहू. ५ नंबर बाजारात आलाच नाही, ६ आला थेट २००० सालच्या नोव्हेंबरात. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्सप्लोरर दुकान घेऊन बसलं. जुन्या कोडमध्ये वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या मुरलेल्या असतात. दिसायला ओबडधोबड असतो, पण चालतो. तो फेकला की त्या दुरुस्त्याही जातात आणि त्याच चुका नव्यानं कराव्या लागतात."

"मग धरावं की सोडावं? सरळ सांग बाई."

"सरळ सांगते. किती खर्च झाले हे विसरून एकच प्रश्न: आज मावशींच्या हातात दीड लाख आहेत आणि समोर हे अर्धवट काम आहे, तर त्यातून सगळ्यात जास्त मसाला कशानं विकला जाईल? उरलेलं काम खरंच वीस हजारांचं असेल आणि बाकीचं पक्कं असेल, तर साडेचार काय, साडेसात लाख गेले असते तरी पूर्ण करावं. आणि दीड लाख देऊनही खात्री नसेल, तर फक्त दहा हजार गेले असते तरी थांबावं."

"खात्री कशी करायची? तो मुलगा तर गोड बोलतो."

"शितावरून भाताची परीक्षा. त्याला म्हणायचं, बाहुली नको, पॉइंट नकोत. तुमच्या फोनवरून अर्धा किलो मसाल्याची एक ऑर्डर करून दाखव. यूपीआयनं पैसे जावेत, सांगलीचा पिनकोड टाकला तर एक दर आणि नागपूरचा टाकला तर दुसरा दर दिसावा, मावशींच्या फोनवर निरोप यावा, पार्सलवर चिकटवायचा पत्ता छापून निघावा. मुदत पंधरा दिवस. चाललं तर पुढचा हप्ता आणि तोही एकेका चालत्या कामाचा. नाही चाललं तर थांबायचं. हे आधीच कागदावर लिहून धाकट्याची, वडिलांची आणि त्या मुलाची सही घ्यायची. थांबायची वेळ आली की प्रत्येकाला नवं कारण सुचतं, म्हणून आधी लिहायचं."

"मंजुरीच्या अटी," काकू खूश होऊन म्हणाल्या. "अटी पुऱ्या झाल्याशिवाय पुढची रक्कम सोडायची नाही. बँकेत घरबांधणीच्या कर्जाला असंच करतो. जोतं झालं, मग स्लॅब."

"आणि थांबायची वेळ आलीच, तरी सगळं वाया नाही. मसाल्यांचे फोटो काढलेत ना चांगले? वर्णनं लिहिलीत मराठी-इंग्रजीत? वजनं, दर, पिनकोडप्रमाणे कुरिअरचा खर्च? ते सगळं तुमच्या भाचीसारख्या तयार दुकानावरही जसंच्या तसं चढतं. मावशींचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे गिऱ्हाईक तर सगळ्यात मोलाचे."

"मग भाडं भरत राहायचं दरमहा?"

"भरायचं. पण स्वतः बनवलेल्याला भाडं नसतं असं कोणी सांगितलं? सर्व्हरचे पैसे, सुरक्षेच्या दुरुस्त्या, पैसे भरायच्या व्यवस्थेनं नियम बदलले की पुन्हा कोडमध्ये हात. आणि तो कोड एकाच माणसाला कळतो, तो म्हणजे जावयाचा मावसभाऊ. उद्या त्याला बंगळुरूत नोकरी लागली की नाकापेक्षा मोती जड. हा पुढचा खर्च कोणी धरतच नाही. मागचा मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो."

काका आता भिंतीपाशीच आले होते. "आणि टेंपोवरचा पत्ता?" त्यांनी विचारलं. प्रश्न खोचक होता, पण नेमका होता.

"पत्ता तोच राहतो, काका. दुकान आतून कोणतंही असो, बाहेरचं नाव तेच लावता येतं. फक्त ते डोमेन कोणाच्या नावावर आहे?"

काकूंनी काकांकडं पाहिलं, काकांनी माझ्याकडं. मग काकूंनी तिथंच कमरेचा मोबाइल काढून मावशींना लावला. विचारपूस, खोकला, लोणच्याची चौकशी, आणि मग मुद्दा. फोन ठेवताना चेहरा उतरला होता. "त्या मुलाच्या नावावर आहे म्हणे. त्याच्याच ईमेलवर घेतलंय. होस्टिंगही त्याचंच. मावशींकडं पासवर्डसुद्धा नाही."

"मग दीड लाखाची चर्चा नंतर. आधी डोमेन मावशींच्या नावावर, मावशींच्या ईमेलवर. होस्टिंगचा पासवर्ड त्यांच्याकडं. आजवर लिहिलेल्या कोडची आणि फोटोंची प्रत त्यांच्याकडं. संबंध गोड आहेत तोवर हे मागायचं. हप्ता थांबवल्यावर मागितलं तर कोणी फोन उचलत नाही."

"हप्ता सोडायच्या आधी तारण ताब्यात," काकू म्हणाल्या आणि फाटकाकडं चालू लागल्या. काकांनी चप्पल घातली. टेंपो बघायला, असं म्हणाले.

मावशींचं काय होईल ते गल्लीला कळेलच, पण त्यांची गोष्ट एकट्या त्यांची नाही. तुमच्याही दुकानाची, शाळेची, सोसायटीची किंवा मंडळाची वेबसाइट कुठंतरी ऐंशी टक्क्यांवर अडलेली असेल, तर पुढच्या हप्त्याचा चेक लिहिण्याआधी दोन गोष्टी करा. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि त्या वेबसाइटवरून स्वतः एक खरी ऑर्डर करून, एक खरा अर्ज भरून किंवा एक खरी पावती फाडून बघा. ती गेली तर पुढं जा. नाही गेली, तर गेलेल्या पैशांसाठी नवे पैसे पाठवू नका.